टाकी कोणाच्या पाण्याने भरते?

साठवण करणे हे पाप आहे काय, हा प्रश्न ख्रिस्ती मनाला नवा नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळू लागला तेव्हा माणशी एक ओमर इतकाच गोळा करावा असा नियम होता. उद्यासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, हे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आपण वाचतो. परंतु त्याच अध्यायात शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा आहे, आणि तो साठा नासला नाही. योसेफाने सुकाळाची सात वर्षे धान्य साठविले म्हणूनच दुष्काळात मिसर देश जगला. तेव्हा साठवण ही स्वभावतः वाईट नव्हे. साठा कोणत्या रीतीने भरला आणि तो भरताना कोणाच्या वाट्याला काय उरले, यावर तिचे बरेवाईटपण ठरते.

या प्रश्नाचे रोजचे रूप पाहावयाचे असेल तर दिल्लीतील गच्च्यांकडे पाहावे. हे शहर यमुनेच्या काठी वसले असले तरी एकट्या यमुनेवर त्याची तहान भागत नाही. गंगेच्या वरच्या कालव्याचे, भाक्रा-बियास धरणांचे आणि हरियाणातून येणाऱ्या मुनक कालव्याचे पाणी त्याला लागते. २०१६ च्या फेब्रुवारीत आंदोलनाच्या काळात मुनक कालव्याची नासधूस झाली, तेव्हा शहराच्या मोठ्या भागातील नळ कोरडे पडले. एरवीही पुष्कळ वस्त्यांत पाणी ठरावीक वेळीच येते. म्हणून घरोघरी गच्चीवर टाकी असते, आणि ती वेळेत भरून घेणे हे दिवसाचे पहिले काम होऊन बसते. नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद या शेजारच्या शहरांतही बहुधा हेच चित्र दिसते.

परदेशात चाकांवरचे घर मोटारीमागे जोडून फिरणारी कुटुंबे असतात. त्या घरातील पाण्याची टाकी लहान असते. ती किती भरली आहे आणि पुढील मुक्कामापर्यंत किती पुरवावयाची आहे, हे घरातल्या मुलालाही ठाऊक असते. आपल्या टाकीलाही माप आहेच. भारतीय मानकांप्रमाणे शहरात माणशी रोज सुमारे १३५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने ६७५ लिटर लागतील. एक हजार लिटरची टाकी त्यांना जेमतेम दीड दिवस पुरेल. परंतु आपली टाकी नळाला जोडलेली असल्यामुळे तिला तळ आहे याचा आपल्याला विसर पडतो. त्याच नळाला आणखी शंभर घरे जोडलेली आहेत, याचा तर अधिकच.

या विसरण्याचे साधन म्हणजे नळाच्या वाहिनीला थेट जोडलेली मोटार. पाणी आपल्या दाबाने जमिनीवरच्या हौदात पडू द्यावे आणि मग मोटारीने गच्चीवर चढवावे, ही रीत निर्दोष आहे. तेथे मोटार आपल्या वाट्याचेच पाणी उचलते. वाहिनीला थेट लावलेली मोटार मात्र शेजाऱ्याच्या नळाकडे निघालेले पाणी ओढून घेते, आणि गल्लीच्या टोकाच्या घरी नुसती हवा येते. शिवाय वाहिनीतील दाब असा उलटा झाला की जमिनीतील सांडपाणी तिच्या भेगांतून आत शिरते. म्हणजे ज्याला पाणी मिळाले नाही त्याचा नळ कोरडा राहतो, आणि ज्याला मिळाले त्याचे पाणी दूषित होण्याचा धोका असतो. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर पुष्ट मेंढरांना दोष देतो तो याच दुहेरी अपराधासाठी: स्वच्छ पाणी ती स्वतः पितात, आणि उरलेले पाणी पायांनी गढूळ करून दुर्बळांसाठी ठेवतात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गल्लीत सर्वांनीच मोटारी लावल्या असतील तर जो लावणार नाही त्याच्या घरी थेंबही येणार नाही. तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असलेल्या गृहिणीने शेजाऱ्यांच्या अन्यायाची किंमत आपल्या घरच्यांकडून वसूल करावी काय? तिला पापी ठरविण्याची घाई आपण करू नये. तिची गरज खरी आहे. परंतु गरजेने केलेली गोष्ट हळूहळू सवय बनते, आणि सवयीला हक्काचे नाव मिळते. टाकी भरल्यावरही मोटार चालूच राहते आणि पाणी गच्चीवरून वाहते, तेव्हा गरजेची भाषा संपलेली असते. २०२४ च्या मे महिन्यात टंचाई असताना दिल्लीत टाकी वाहू देणाऱ्यास दोन हजार रुपये दंड जाहीर करावा लागला, यातच सर्व आले.

‘मी एकट्याने काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. तेवढ्याने पुण्यातील इतर हौद उघडले नाहीत. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी प्याले ते २० मार्च १९२७ रोजी, एकोणसाठ वर्षांनंतर. परंतु बंद हौद हाच काही निसर्गनियम नव्हे, हे त्या एका घराने दाखवून दिले होते.

इसहाकाने विहिरींवरून भांडण होताच ती जागा सोडली आणि पुढे जाऊन नवी विहीर खणली. शहरात राहणाऱ्याला पुढे जावयास जागा नाही. त्याने शेजाऱ्याचे दार ठोठवावे, हाच त्याचा मार्ग होय. मोटारी एकाच वेळी काढण्याचे गल्लीने मिळून ठरवावे; ज्याच्याकडे हौद नाही त्याला बांधण्यास मदत करावी; तोपर्यंत टोकाच्या घराला आपल्या टाकीतून बादलीभर पाणी द्यावे. टाकीचे झाकण घट्ट लावणे आणि ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासणे, हीदेखील शेजारधर्माचीच बाब आहे. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवितो. आपल्या टाकीतला डास उद्या शेजारच्या मुलाला चावेल. १९९६ साली डेंग्यूच्या मोठ्या साथीने दिल्लीला हा धडा दिला आहे.

तहानलेल्यास गार पाण्याचा एक प्याला देणाऱ्याचे प्रतिफळ बुडणार नाही, अशी आपल्या प्रभूची शिकवण आहे. ती ऐकून आपण दारी आलेल्या पांथस्थास पाणी देतो, हे चांगलेच आहे. परंतु गल्लीच्या टोकाचा शेजारी आपल्या दारी येत नाही. त्याचा प्याला त्याच्याच नळाखाली रिकामा असतो. तो भरावा म्हणून आपली मोटार बंद ठेवणे, हेही पाणी देणेच होय.