पिशवी कोणाच्या हातात?

मृत्युपत्र करायचं ठरलं की बहुतेक घरांत मुलगाच म्हणतो, "बाबा, माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, मी नेतो तुम्हाला." बाबांना ऐकू कमी येतं, जिना चढवत नाही, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलगा गाडी काढतो, सातबारा आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट घातलेली पिशवी सांभाळतो, कोणाला काय द्यायचं ते वकिलाला समजावतो, फी देतो. बाबा मान डोलावतात, सही करतात, चहा पितात. माझ्या मते त्या मृत्युपत्राला पहिली चीर त्याच दुपारी गेलेली असते.

खरेदीखतावरून वाद झाला तर सही करणाऱ्याला साक्षीला बोलावता येतं. मृत्युपत्र कामाला येतं तेच मुळी सही करणारा गेल्यावर. बाबा, हे तुमच्याच मनातलं होतं ना, असं विचारायची सोय उरत नाही. मग कोर्ट आजूबाजूला चौकशी करतं. वकील कोणी शोधला? मजकूर कोणी सांगितला? त्या वेळी खोलीत कोण बसलं होतं? आणि ज्याने ही सगळी धावपळ केली, त्याच्या पदरात काय पडलं?

या प्रश्नांना आपल्याकडे ठाशीव रूप दिलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 1958 मधल्या एका निकालाने. तो लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. साताऱ्यात जन्मलेले, पुढे सरन्यायाधीश झालेले. प्रकरण म्हैसूरकडचं. मृत्युपत्र घेऊन कोर्टात आलेल्या गृहस्थांनीच ते करण्यात पुढाकार घेतला होता आणि त्यांच्या मुलांना त्यातून भरघोस लाभ होत होता. मृत्युपत्र टिकलं नाही. मात्र लाभ घेणारा हजर होता एवढ्यावरच मृत्युपत्र रद्द, असं तो निकाल म्हणत नाही. त्याचं म्हणणं असं, की अशा वेळी शंका उभी राहते आणि ती फेडण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येतं. वकिलांच्या तोंडी हा निकाल आजही असतो.

यात सर्वांत जास्त भरडला जातो तो प्रामाणिक मुलगा. बापाच्या मनाविरुद्ध त्याने एक ओळही घातलेली नसते, पण दहा वर्षांनी बहिणीचा वकील उलटतपासणीत विचारतो, "मजकूर तुम्हीच सांगितला ना?" आणि खरं उत्तर 'हो' असतं. म्हणून बापाने वकिलासमोर एकट्याने बसणं हा मुलावरचा अविश्वास नव्हे. मुलाच्या हातात देता येण्यासारखा तो सर्वांत पक्का पुरावा आहे.

वकील निवडायची माझी कसोटीही इथूनच निघते. "तुम्ही जरा बाहेर बसा," असं जो मुलाला सांगतो, तो वकील बरा. "दोन दिवसांत प्रिंट देतो," म्हणणाऱ्याकडून उठून यावं. अशील कोण, हे पहिल्याला कळलेलं असतं.

दार लागल्यावर तो विचारतो त्यातलं बरंचसं अवघडल्यासारखं वाटणारं असतं. जमीन वडिलोपार्जित की तुमच्या कमाईची? वडिलोपार्जित असेल तर 2005 पासून मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत. मृत्युपत्राने देता येईल तो फक्त तुमचा वाटा. म्युच्युअल फंडाला नॉमिनी लावलाय म्हणून ते त्याचंच झालं, असं समजता का? 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या मिळकतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं, की नॉमिनी त्या शेअर-गुंतवणुकीचा मालक होत नाही. वारसाहक्क आपल्या वाटेने जातो. आणि मग सर्वांत नाजूक प्रश्न: धाकट्या मुलीला काहीच नाही, ते का? उत्तर असतंच. लग्नात दिलेलं असतं, नाहीतर घर घेताना. पण ते मुलासमोर निघत नाही. एकट्याने बसलं की निघतं, आणि कागदावर आलं की पुढे ढालीसारखं उपयोगी पडतं. (मूळ गोव्यातलं असेल तर तिथला वकील गाठावा. तिथे मुलंबाळं असताना साधारण अर्ध्याच मिळकतीची वाट मृत्युपत्राने लावता येते.)

साक्षीदारांनाही हाच नियम. दोन तरी लागतात, आणि हिंदू मृत्युपत्रात लाभ घेणारा साक्षीदार असला तर त्याचा वाटा जातो असं नसलं, तरी त्याच्या सहीला वजन काय राहणार? पुढे निदान एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं, म्हणून समवयस्क मित्रापेक्षा शेजारचा चाळिशीतला बँकवाला चांगला. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. केलेली बरी, पण दुय्यम निबंधकाचा शिक्का बसला म्हणून शंका धुतली जात नाही.

राहिला प्रश्न, असा वकील शोधायचा कुठे. वकिलांना जाहिरात करायची बार कौन्सिलची परवानगी नाही, तेव्हा विचारपूस करण्यावाचून गत्यंतर नाही. मी तर असा वकील शोधीन, ज्याने दिवाणी कोर्टात इतरांची मृत्युपत्रं मोडून काढली आहेत. चीर कुठे जाते ते त्यालाच माहीत.

मुलाला गाडी काढू द्या, जिन्यावर हातही धरू द्या. पिशवी मात्र स्वतःजवळ ठेवा, फी स्वतःच्या खात्यातून द्या आणि पावती स्वतःच्या नावाची घ्या.