पाहणाऱ्याचे ऋण

एखाद्या प्राण्याला आपण इजा केली नाही, त्याला हात लावला नाही, त्याचे अन्न हिरावून घेतले नाही, केवळ दुरून पाहिले, तर त्याचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. पाहण्याने कोणाचे काय जाते, असे आपण सहज म्हणून जातो. चोर आणि पाहुणा यांच्यातला भेद ठरवताना आपण त्यांच्या हातांकडे बघतो, डोळ्यांकडे नाही. परंतु अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात ऐन फेब्रुवारीत मोटरहोमने सहा दिवस हिंडून आल्यापासून या प्रश्नाने आम्हां उभयतांचा पिच्छा सोडलेला नाही, आणि तो पोरकट नाही अशी आमची खात्री होत चालली आहे.

१ मार्च १८७२ रोजी स्थापन झालेले हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. हिवाळ्यात त्याचे बहुतेक रस्ते बर्फाखाली जातात व सामान्य वाहनांना बंद होतात. अपवाद एकच. उत्तरेकडील गार्डिनर गावापासून लमार खोऱ्यातून ईशान्येच्या कुक सिटीकडे जाणारा रस्ता तेवढा बाराही महिने बर्फ उपसून मोकळा ठेवला जातो. कुक सिटीच्या पुढे हिवाळ्यात बर्फ काढत नाहीत, म्हणून गेल्या वाटेनेच माघारी यावे लागते. मोटरहोम म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. शेगडी, बिछाना, न्हाणीघर सारे पाठीवर. मात्र थंडी या बिऱ्हाडाचा थाट पार उतरवते. नळ्यांतले पाणी गोठले तर नळ्या फुटतात, म्हणून भाड्याने देणारा टाकी व नळ्या रिकाम्या करूनच गाडी हाती देतो. पिण्याचे पाणी डब्यांत भरून उशाशी ठेवावे लागते. गॅस प्रोपेनच हवा, कारण शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफ होईनाशी होते, तर प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत साथ देतो. हीटरचा पंखा रात्रभर बॅटरी खातो, आणि मॅमथच्या तळावर विजेची जोडणी नाही, जनित्र चालवायचे तेही ठरावीक वेळातच. या साऱ्या कटकटीतून एक गोष्ट आम्हांला उमगली. जी ऊब घरी आपण गृहीत धरतो ती येथे मोजून खर्च करावी लागते. भिंतीच्या पलीकडे उभ्या असलेल्या प्राण्यांचाही हिशेब तोच आहे. फरक इतकाच की त्यांना गार्डिनरला जाऊन नवी टाकी भरून आणता येत नाही.

हिवाळ्यातल्या प्राण्याकडे उन्हाळ्यात आणि शरदात साठवलेली चरबी हीच शिल्लक. बायसन आपले अवजड डोके डावी-उजवीकडे हलवून बर्फ झाडतो व खालचे वाळके गवत खातो. त्याच्या पाठीवरची लोकर इतकी दाट असते की वर साचलेला बर्फ वितळत नाही, म्हणजे अंगातली ऊब बाहेर जातच नाही. अशी काटकसर करणारा हा प्राणी उपसलेल्या रस्त्यावर उतरतो, कारण खोल बर्फापेक्षा तेथे चालणे सोपे. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मध्ये बायसनांची रांग आणि तिच्यामागे गाड्यांची. गाडीने जरा रेटले की बायसन धावतो, आणि त्या धावण्यात कितीतरी गवताची कमाई उडून जाते. आपल्या पाच मिनिटांच्या घाईची किंमत अशी दुसऱ्याच्या खात्यातून वळती होते. स्नोशूज पायात बांधून बर्फावरून फिरतानाही तेच. एल्क हरिणीने मान वर करून आमच्याकडे पाहिले, तेवढ्यापुरते तिचे चरणे थांबले. उद्यानाचा नियम असा की बायसन, एल्क आदींपासून किमान २३ मीटर आणि लांडगा व अस्वल यांच्यापासून ९१ मीटर दूर राहावे. त्याहून शहाणपणाची सूचना अशी की आपल्यामुळे प्राण्याने आपले चाललेले काम सोडले, तर नियमाचे अंतर पाळूनही आपण फार जवळ गेलो आहोत असे समजावे.

म्हणजे आमच्या प्रश्नाचे उत्तर सापडले असे कोणी म्हणेल. अंतर राखा, म्हणजे देणे फिटले. बायसन आणि एल्क यांच्यापुरते हे उत्तर बऱ्याच अंशी पुरे पडते. लांडग्यापाशी येऊन मात्र ते लटके पडते.

या उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले गेले, आणि ते चोरट्या शिकाऱ्यांनी नव्हे, तर सरकारी धोरणानेच. जवळजवळ सत्तर वर्षांनी तेच सरकार उलट दिशेने वळले. जानेवारी १९९५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतातून १४ लांडगे आणले गेले आणि १९९६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातून आणखी १७. लमारच्या उघड्या खोऱ्यात ते रस्त्यावरून दिसू लागले, आणि त्यांना पाहणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. हिवाळा हा त्यांचा खास हंगाम. पांढऱ्यावर काळे चटकन उमटते, आणि एल्क खाली खोऱ्यात उतरलेले असल्याने लांडगेही खाली असतात. पहाटे, दाढीवर श्वास गोठावा अशा थंडीत, ही मंडळी तिकाटण्यांवर दुर्बिणी लावून उभी असतात. डोमकावळ्यांची झुंबड कोठे उडाली ते आधी पाहायचे, कारण जेथे कावळे तेथे शिकार. एरवी पाश्चात्त्य माणूस आपली महागडी वस्तू परक्याच्या हाती देत नाही अशी आमची समजूत होती. येथे लोक आम्हांला बोलावून आपल्या दुर्बिणीतून पाहायला लावत होते. मराठीत आपण म्हणतो, वाघाने दर्शन दिले. हा शब्दप्रयोग वृत्तपत्री असला तरी त्यात एक विनय आहे. दर्शन देणे न देणे हे ज्याला पाहायचे त्याच्या मर्जीवर, आणि पाहणारा याचक. लमारच्या रस्त्याकडेला तो विनय आम्हांला खरोखरच आढळला. म्हणून पुढे जे लिहीत आहोत ते या मंडळींना दोष देण्यासाठी नव्हे. आम्ही त्यांच्यातच उभे होतो.

२००६ साली जन्मलेली आणि त्या सालावरूनच ‘ओ-सिक्स’ नावाने ओळखली जाणारी एक मादी हजारो लोकांनी या रस्त्यावरून पाहिली. ६ डिसेंबर २०१२ रोजी उद्यानाच्या पूर्वेला, वायोमिंग राज्याच्या हद्दीत, ती शिकाऱ्याच्या गोळीने पडली. तिची मुलगी, क्रमांक ९२६, नोव्हेंबर २०१८ मध्ये ईशान्य दाराबाहेर, आम्ही ज्या रस्त्याचे वर्णन केले त्याच रस्त्याच्या शेवटाजवळ, माँटाना राज्यात मारली गेली. दोन्ही शिकारी कायदेशीर होत्या. माँटानाने २०२१ मध्ये उद्यानाच्या सीमेलगतच्या पट्ट्यातील शिकारीची संख्यामर्यादा काढून टाकली, आणि २०२१-२२ च्या एका हंगामात यलोस्टोनचे २५ लांडगे सीमेबाहेर मारले गेले. सीमा म्हणजे तरी काय? नकाशावरची रेघ आणि रस्त्याकडेची पाटी. लांडग्याला वाचता येत नाही.

परंतु त्याला शिकता येते, आणि पेच येथेच आहे. शेकडो सकाळी तो पाहत आला की माणूस नावाचे जनावर रस्त्याच्या कडेला घोळक्याने उभे राहते, धावत नाही, चावत नाही, थोडी कुजबुज करते आणि निघून जाते. हा धडा त्याला कोणी दिला? शिकाऱ्याने खचितच नाही. तो आम्ही दिला, आमच्या सौजन्याने दिला. जितके आम्ही शांत, जितके निरुपद्रवी, तितका धडा पक्का. मग एके दिवशी तो रेघ ओलांडतो, समोर माणूस उभा दिसतो आणि तो पळत नाही.

यावर कोणी म्हणेल, चाप दुसऱ्याने ओढला, दोष त्याचा. कायद्याच्या भाषेत हे खरे आहे. पण नीतीचा विचार चापापाशी सुरू होत नाही. रस्ता ओलांडू पाहणाऱ्या आंधळ्याला आपण आपल्या बाजूची वाहने थांबलेली पाहून ‘चला, वाट मोकळी आहे’ असे सांगितले आणि पलीकडच्या बाजूने भरधाव मोटार आली, तर आपण खोटे बोललो असे कोणी म्हणणार नाही. तरी रात्री आपल्याला झोप लागेल काय? आम्ही लांडग्याला दिलेला शब्द आमच्यापुरता खरा होता. ऐकणाऱ्याने तो अवघ्या मनुष्यजातीचा शब्द मानला.

असिसीकर संत फ्रान्सिस व गुब्बिओचा लांडगा ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. चित्रांमुळे आपल्या लक्षात राहतो तो संतांच्या हातात पंजा देणारा लांडगा. कथेचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. फ्रान्सिसनी लांडग्याकडून वचन घेतले, तसे गावकऱ्यांकडूनही घेतले. लांडग्याने कोणाला इजा करायची नाही आणि गावाने त्याला रोज पोसायचे, असा तो दुहेरी करार होता, आणि साऱ्या गावाला बाजारचौकात जमवून तो झाला होता. म्हणूनच तो लांडगा पुढे दोन वर्षे दारोदार फिरला व म्हातारा होऊन मेला. लमारचा करार एकतर्फी आहे. लांडग्याने पंजा पुढे केला, त्याच्यापुढे आम्ही हात पुढे केला, पण रेघेपलीकडच्या गावाला कोणी विचारलेच नाही.

आणि ते गाव दुष्टांचे आहे असेही नाही. तेथे मेंढरे व गुरे पाळणारी कुटुंबे आहेत. सकाळी कुंपणात फाडलेले कोकरू ज्याला सापडते, त्याला आमच्या दुर्बिणीतला आनंद अश्लील वाटला तर आम्ही त्याला काय सांगणार? शहरातून येऊन चार दिवस लांडगा पाहणे आणि बाराही महिने लांडग्याच्या शेजारी राहणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. शिकाऱ्यांत निव्वळ हौसेने मारणारेही असतात व त्यांच्याविषयी आम्हांला ममत्व नाही. परंतु त्यांच्या नावाने बोटे मोडून पाहणाऱ्याची सुटका होत नाही.

उद्यानाच्या रक्षकांनी या पेचावर जो उपाय योजला आहे तो ऐकायला क्रूर वाटतो. रस्त्यावर वा माणसांच्या फार जवळ येणाऱ्या लांडग्याला ते रबरी गोळ्या, रंगाच्या गोळ्या व मोठा आवाज करणारी काडतुसे वापरून पिटाळतात. माणूस वाईट आहे, हे त्याला पुन्हा शिकवतात. तेवढ्याने भागले नाही म्हणून २००९ व २०११ मध्ये माणसांना सरावलेला एकेक लांडगा उद्यानालाच मारावा लागला. ज्याचे रक्षण करायचे त्याच्या मनात आपल्याविषयी धास्ती पेरायची, हे प्रेमाचे रूप आपल्या पचनी सहज पडत नाही. जवळीक वाढली की प्रेम वाढले असे आपण मानतो. येथे भीती हेच त्या प्राण्याचे चिलखत, आणि आमच्या सौम्य नजरेने ते सकाळी सकाळी एकेक कडी करून उसवले आहे.

मग पाहायला जाऊच नये काय? इतके आम्ही म्हणणार नाही. ज्याला कोणी पाहिलेच नाही त्याच्या बाजूने बोलायलाही कोणी उभे राहत नाही. ‘ओ-सिक्स’च्या मृत्यूची बातमी झाली ती लोकांनी तिला ओळखले होते म्हणून. तिच्या आधी निनावी मेलेल्या शेकडो लांडग्यांची दखल कोणी घेतली? पाहण्यातून आस्था येते हे खरे आहे. पण आस्था म्हणजे परतफेड नव्हे. अमेरिकेत १९३७ च्या एका कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांवरील सुमारे दहा-अकरा टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. शिवाय शिकारी परवान्याची रक्कम भरतो. कोठे किती लांडगे मारायचे हे राज्येच ठरवतात, आणि त्यांच्या तिजोरीत शिकाऱ्याचा वाटा मोठा आहे. दुर्बिणीवर असा कर नाही. म्हणजे ज्याच्या हाती बंदूक आहे त्याने निदान पैसे मोजले आहेत, आणि आम्ही, जे स्वतःला निर्दोष समजतो, उद्यानाच्या दारात प्रवेशशुल्क देऊन मोकळे होतो. दुर्बिणीवर कर बसला तर आम्ही तो आनंदाने भरू. आमच्या दुर्बिणीवर दहा टक्क्यांनी किती झाले असते याचा हिशेबही आम्ही केला. ती रक्कम काही फार नव्हती.

याहून अवघड मागणी दुसरीच आहे. लांडगा आपण होऊन रस्त्याकडे, त्या ९१ मीटरांच्या आत येऊ लागला, तर माणसाने मागे हटावे, गाडीत बसावे व तेथून निघून जावे अशी अपेक्षा असते. ज्या क्षणासाठी सातासमुद्रांपलीकडून आलो, थंडीत कुडकुडलो, डब्यांतले पाणी पिऊन राहिलो, नेमक्या त्याच क्षणी पाठ फिरवायची. आमच्यावर ती वेळ आली नाही. लांडगे आम्हांला दिसले ते दीड-दोन किलोमीटरांवरून, बर्फावर सरकणाऱ्या सहा काळ्या ठिपक्यांएवढे. ती वेळ आली असती तर आम्ही गाडी सुरू केली असती की नाही, यावर आम्हां दोघांत अद्याप एकमत झालेले नाही.