शोकाचा पुनःप्रत्यय

करुणरसाच्या आस्वादातून आनंद कसा लाभतो, हा मराठी साहित्यविचारातील एक जुना प्रश्न आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात मांडलेल्या 'सविकल्प समाधी'पासून के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'पर्यंत त्याची बरीच चर्चा झाली. मात्र या चर्चेतील आस्वादक बहुधा कलाकृतीसमोर एकदाच येणारा असतो. तोच आस्वादक तीस-बत्तीस वर्षांनी त्याच शोकदृश्यासमोर पुन्हा बसला, तर त्याच्या आस्वादाचे स्वरूप काय असेल, आणि असे पुन्हा पाहणे नैतिकदृष्ट्या कशा प्रकारची कृती ठरेल, हा प्रश्न मात्र उरतो.

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका दूरदर्शनवरून २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात प्रक्षेपित झाली. टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, ती पुन्हा दाखविली गेली. प्रेक्षकांच्या स्मरणात ती भक्तीची आणि युद्धाची कथा म्हणून राहिली असली, तरी रामायणाचा अंगी रस करुण आहे हे आनंदवर्धनांचे मत लक्षात घेता तिला शोकनाट्य म्हणणे अप्रस्तुत ठरू नये. या मालिकेत दशरथाची भूमिका बाळ धुरी यांनी आणि कौसल्येची भूमिका जयश्री गडकर यांनी केली होती. ते प्रत्यक्ष जीवनातही पतिपत्नी होते. गडकर यांचे २००८ साली निधन झाले. त्यामुळे २०२० मध्ये हे जाणणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावरील वैधव्याचा शोक निव्वळ कौसल्येचा वाटत नाही. जी शोक करते आहे तीच आता हयात नाही, ही जाणीव त्यात मिसळते.

याहून महत्त्वाचा बदल प्रेक्षकाच्या स्वतःच्या परिस्थितीत झाला होता. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात भरत येईपर्यंत दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत जपून ठेवला जातो. मृताने पुत्राची वाट पाहायची असते. मार्च २०२० च्या निर्बंधांनुसार अंत्यविधीला वीसहून अधिक माणसांना परवानगी नव्हती, आणि वाहतूक बंद असल्याने कित्येकांना आपल्या माणसाच्या अंत्यदर्शनाला पोहोचणेही शक्य नव्हते. अशा प्रेक्षकाला भरताचे उशिरा येणेदेखील भाग्याचे वाटले असेल.

अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या रसविघ्नांपैकी एक आहे स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे. या निकषाने दुसऱ्या वेळचा प्रेक्षक अपात्र ठरतो. परंतु पहिल्या वेळचे त्याचे रडणे सुलभ होते, याचे कारण त्या शोकाला धनी नव्हता. आज तो रसास्वादापाशी अडखळतो, तेव्हा दुःखाची चव घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. हे विघ्न म्हणजे केवळ रसिकतेची उणीव नव्हे. त्यात एक नैतिक संकोच आहे.

या संकोचाला दुसरीही बाजू आहे. जे संपले ते पुन्हा पुन्हा पाहत राहणे ही मृतांविषयीची निष्ठा, की त्यांना निरोप देण्यास नकार? येथे रामकथेचीच जैन परंपरा साहाय्यास येते. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे क्षेत्र. मालिका प्रथम दाखविली गेली तेव्हा हे गाव अकोला जिल्ह्यात होते. येथील मूर्तीच्या पूजेच्या हक्कावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांचा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. परंतु रामशोकाची एक कथा या दोन्ही पंथांनी जपली आहे. विमलसूरींचे प्राकृत 'पउमचरिय', रविषेणांचे 'पद्मपुराण' आणि हेमचंद्रांची रामकथा यांत लक्ष्मणाच्या मृत्यूनंतर राम त्याचे शव सोडायला तयार होत नाही. सहा महिने ते खांद्यावर वागवतो. उपदेशाचा उपयोग होत नाही. शेवटी देव त्याच्यासमोर काही कृती करून दाखवितात: वाळलेल्या झाडाला पाणी घालतात, शव खांद्यावर घेऊन हिंडतात. राम त्यांना वेड्यात काढतो, आणि मग तेच बोल स्वतःला लागू पडतात हे त्याला उमगते.

म्हणजे देवांनी येथे एक नाट्यप्रयोगच केला आणि राम त्याचा प्रेक्षक झाला. या प्रेक्षकाचा शोक स्वतःचाच आहे. अभिनवगुप्तांचे विघ्न त्याला पुरेपूर लागू आहे. तरीही त्याला जे दिसते, ते त्या विघ्नातूनच दिसते. आपले दुःख दुसऱ्याच्या देहावर पाहिल्यावर ते त्याला प्रथमच बाहेरून दिसू लागते. साधारणीकरण म्हणजे स्वतःच्या दुःखाचा विसर, असा अर्थ आपण फार लवकर लावतो. येथे त्याचा अर्थ वेगळा होतो: ते दुःख घेऊनच दुसऱ्याच्या दुःखापर्यंत जाणे.

यावरून पुनर्दर्शनाचे दोन प्रकार करता येतील. एकात प्रेक्षक गतकाळाचे शव वागवीत राहतो. १९८७ ची रविवारची सकाळ, त्या वेळची माणसे, तेव्हाचे आपले रडणे, सारे त्याला जसेच्या तसे हवे असते. दुसऱ्यात त्याला कौसल्येच्या शोकात आपला शोक दिसतो, आणि आपल्याप्रमाणेच अंत्यदर्शनाला मुकलेले इतरही. पहिला प्रकार सुखद असू शकतो. दुसऱ्यात आनंद मिळेलच असे नाही; परंतु खांद्यावरचे ओझे खाली ठेवण्याची वेळ झाली आहे, हे कळण्याची शक्यता त्यातच आहे.