आगीने आग विझते काय?

‘आगीशी आगीनेच लढावे’ अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आपल्या सुशिक्षितांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. ‘काट्याने काटा काढावा’, ‘शठं प्रति शाठ्यम्’ यांच्याच पंक्तीस आपण तो बसवितो. शठाशी कसे वागावे, या प्रश्नावर १९२० साली लोकमान्य टिळक व महात्मा गांधी यांच्यातही जाहीर मतभेद झाला होता. तेव्हा प्रश्न नवा नव्हे. परंतु लाक्षणिक अर्थावर भिस्त ठेवण्यापूर्वी वाच्यार्थ एकदा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

त्यासाठी भंडारा जिल्ह्याच्या रानाकडे पाहावे. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी झाडाखालचा पाचोळा जाळतात. तीच आग वाऱ्यावर फैलावते आणि वणवा भडकतो. एकेकाळी याच जिल्ह्यात असलेल्या व १९९९ पासून गोंदियात गेलेल्या नागझिऱ्यात एप्रिल २०२१ मध्ये वणवा विझविताना मजुरांना प्राणांस मुकावे लागले. असा वणवा झोडपून आवरत नाही, तेव्हा जाणती माणसे त्याच्या वाटेवर, जाळरेषेच्या कडेने उलट आग लावतात. दोन्ही आगी समोरासमोर येतात तेव्हा मधला पाचोळा संपलेला असतो आणि म्हणूनच त्या विझतात.

म्हणजे आगीने आग मरत नाही. सरपण संपल्याने मरते. शिवाय या उपायास अटी आहेत. आपल्या पाठीमागची जमीन आधी साफ हवी, वाऱ्याची दिशा ठाऊक हवी, लावलेल्या आगीवर माणसांचा पहारा हवा. आणि इतके करूनही जळते ते आपलेच रान!

निनावी पत्रकास निनावी पत्रकाने उत्तर देणारा गृहस्थ यांपैकी कोणती अट पाळतो? संस्थेचे हिशेब चव्हाट्यावर मांडले असते तर संशयाचे सरपण संपले असते. त्याने त्यात भरच घातली. वणवा येत असता हात जोडून बसावे, असे आमचे म्हणणे नाही; तसे बसणाराचे गाव जळते. परंतु प्रतिपक्षाचे शस्त्र उचलणाराने आधी स्वतःस विचारावे: या आगीने समोरच्याचे सरपण घटेल की वाढेल? आणि आपल्या पाठीमागची जाळरेषा आपण साफ केली आहे काय?