साठ टक्के, चाळीस टक्के
औसा तालुक्यातल्या आमच्या गावी चुलत भावाने शेतात मत्स्यतळं करायचं ठरवलं आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के अनुदान मिळतं. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीला ६० टक्के. एक हेक्टर नवीन तळ्याचा खर्च योजनेने ७ लाख धरलाय. म्हणजे दादाच्या नावावर २ लाख ८० हजार, वहिनीच्या नावावर ४ लाख २० हजार. जमिनीचा एक तुकडा वहिनीच्या नावावर होताच. अर्ज तिच्या नावाने भरला. तिने सही केली आणि विचारलं, ‘मला पाण्यात उतरावं लागणार नाही ना?’

यात नियम कुठेच मोडला नाही. तरी मला ते खुपत होतं, पण का ते कळलं बाजारात.

आम्ही ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं रोहू-कटला घेतो ते मामा भोई आहेत. अनुदानाचं ऐकून त्यांनी विचारलं, ‘आमाला किती बसतंय मग?’ मी म्हणालो, चाळीस. भोई महाराष्ट्रात भटक्या जमाती ‘ब’ मध्ये येतात, आणि योजनेच्या साठ टक्क्यांत भटक्या जमाती नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा माणूस मासेमारीच्या योजनेत ‘सर्वसाधारण’! मामी अर्ज करू शकतील, साठ टक्के मिळतीलही. पण जमीन कुठाय? भाड्याने घ्यायची तर मालकाने बरीच वर्षं लिहून द्यायला हवी. शिवाय अनुदान काम झाल्यावर, पाहणी होऊन येतं. तोवर पैसा आपलाच. ज्याच्याकडे घालायला काहीच नाही, त्याला साठ टक्के काय आणि नव्वद काय.

मग वाटलं, भोयांना म्हणून वेगळा दर द्यावा. पण हे बोलायला सोपं आहे. जन्मावरून धंदा ठरण्यातून सुटायला आपण इतकी वर्षं धडपडलो, आणि आता सरकारने मामांच्या पोराला मासेच धरत राहा म्हणून पैसे द्यायचे? तो पोरगा लातुरात मोबाईल दुरुस्ती शिकतोय, त्याला जाळं नकोच आहे. शिवाय सरकारला मासळीचं उत्पादन वाढवायचंय, वंशावळ जपायची नाहीये. पाणी आणि जमीन दादाकडे आहे, तर मासा तिथेच वाढणार. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला तोही याच हिशोबाने: वीज, कर्ज, विमा शेतीसारखा. शेतीसारखं मिळणार म्हटल्यावर शेती असलेला पुढे जाणार, यात नवल नाही.

तरी एक गोष्ट या हिशोबात बसत नाही. मामा सोसायटीचे सभासद. सोसायटी तलाव ठेक्याने घेते, बोटुकली सोडते, आणि मामा ट्यूबवर बसून जाळं टाकतात. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, तेव्हा त्यांच्या तलावाचा तळ भेगाळला होता. ते पुण्याला बांधकामावर गेले, पाऊस पडल्यावर परत आले. नवीन तळ्याला अनुदान आहे कारण ते बांधता येतं, मोजता येतं, त्याचा फोटो काढता येतो. आटलेल्या तलावाकाठी कुणी धंदा न सोडता बसून राहिलं, तर त्याचा फोटो कसा काढणार? मला वाटतं, देणं लागतं ते जातीचं नाही, या सोसलेल्या जोखमीचं. ती कशी मोजायची ते मला सांगता येत नाही. समुद्रावर निदान मासेमारीबंदीचे दिवस कॅलेंडरात असतात; दुष्काळ तसा तारीख देऊन येत नाही.

वहिनीचा अर्ज मंजूर झाला. प्लॅस्टिकचा कागद अंथरला, विंधनविहिरीचं पाणी सोडलं, मासे आता किलोभराचे झालेत. अडचण एकच, आमच्या घरात जाळं ओढता कुणालाच येत नाही. दादाने मामांना निरोप धाडला. दादा रोजाने बोलतोय, मामा किलोमागे मागतायत. दोघांनीही मलाच मध्ये घातलंय, आणि अजून ठरलेलं नाही.