बेटावरचे गुरुजी

व्यंकटेश खेडगीकर हा विशीतला तरुण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आला, तेव्हा पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातले शिक्षण त्याच्या गाठीशी होते. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यासोबत त्याने कामही केले होते आणि त्या धावपळीत तब्येत पार खालावली होती. आजच्या धाराशिव जिल्ह्यातले हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. कारभार उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. उर्दू इथे कधीच परकी नव्हती, नांदेडच्या बाजारात आजही ती घरच्यासारखी बोलली जाते. पण ज्या पोराच्या घरात मराठीशिवाय दुसरा शब्द नाही, त्याला पहिले अक्षर मराठीत गिरवायला मिळावे, यासाठी लोकांना पदरचे पैसे घालून शाळा काढाव्या लागत. १९२१ साली सुरू झालेली हिप्परग्याची शाळा त्यांपैकीच. त्या मुलखात ती बेटासारखी होती. तिथेच १४ जानेवारी १९३० रोजी खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले.

आपण मराठवाड्याची माणसे ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ती भाषणाभाषणांतून येते. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे, त्यामुळे ती आमच्या तर कानावरून सारखी जाते. मला मात्र त्या गोष्टीतला दुसराच भाग जास्त मोलाचा वाटतो. स्वामीजी तिथे एकटे नव्हते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. शिकवणे झाले की बोलायला, वाद घालायला, आजारपणात उशाशी बसायला माणूस होता. १९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईला गेले, तेव्हा परांजपेही पुढे तिथल्याच शिक्षणकार्याशी जोडले गेले. व्रत एकेकाने घेतले असेल, पण ते निभावले मंडळींनी मिळून.

हे सांगायचे कारण आजच्या किनवट-माहूरच्या शाळा. नांदेडहून भोकर, हिमायतनगर मागे टाकून बस पैनगंगेच्या खोऱ्याकडे निघाली की तिच्यात शिक्षण सेवक म्हणून नुकतेच लागलेले पोरगे-पोरी हमखास दिसतात. कुणी लातूरचा, कुणी अहमदपूरचा, कुणी पार कोल्हापूरकडचा. शिक्षक पात्रतेची टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागले आणि नकाशावर कधी न शोधलेले गाव वाट्याला आले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की यांतल्या काही वस्त्या खरोखरच बेट होतात. पूल बुडतो, बस येत नाही, मोबाइलला रेंज नसते.

शाळा बहुधा दोन शिक्षकांची. सकाळी परिपाठ, मग चार इयत्ता एकाच वेळी. पहिलीला मुळाक्षरे द्यायची, तिसरीला हातच्याची वजाबाकी, तेवढ्यात खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, चव बघून वहीत नोंद करायची. जोडीदार शिक्षक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला दिवस एकट्याचा. संध्याकाळी रेंज शोधत टेकाडावर जाऊन ऑनलाइन माहिती भरायची. वर्गातला थकवा झोपेने जातो. पण आज अमक्या पोराला अचानक वाचता आले, हे सांगायला शेजारी कुणी नाही, तो एकटेपणा मनात साचत जातो.

आणि वर्गात बसलेले मूलही एकटेच असते. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, घरी कोलामी बोलतात, गोंडांच्या घरी गोंडी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. सहा वर्षांचे लेकरू शाळेत येते ते न कळणाऱ्या भाषेत. निजामाच्या राज्यात जे दुःख मराठी मुलाचे होते, तेच आज मराठी शाळेत या मुलाचे आहे, आणि हे मान्य करताना आपण कचरू नये. लातूरहून आलेला गुरुजी पहिल्या महिन्यात पाणी, भाकरी, गाय, पाऊस यांचे शब्द त्या पोरांकडून शिकून घेतो, तेव्हा वर्गाचा चेहरा पालटतो. त्या दिवसांत पोरे शिकवतात आणि गुरुजी चुकत चुकत शिकतो. माझ्या मते शाळेची खरी सुरुवात तिथे होते. पण त्यासाठी गावात राहावे लागते. पाचच्या बसकडे डोळे लावून हे जमत नाही.

म्हणून शासनाने नियम केला, शिक्षकाने मुख्यालयी राहावे, तसा ग्रामसभेचा ठराव आणावा. नियमामागची भावना मला पटते. पण राहायचे कुठे? अनेक वस्त्यांवर भाड्याने खोली नाही, बाई माणसाला एकटीने राहता येईल असे घर तर नाहीच. शिक्षण सेवकाची तीन वर्षे मानधनावर जातात. योजना २००० साली आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये होते, २०२३ पासून १६,००० झाले. त्यातून घरी पैसे धाडायचे, तालुक्याला खोली ठेवायची, जाण्यायेण्याचे भाडे भरायचे. अशा माणसापुढे उभे राहून स्वामीजींचा त्याग ऐकवणे अन्यायाचे आहे. स्वामीजींनी आपले आयुष्य स्वतः निवडले होते. निवड ज्याची त्याची असते. आदेशाच्या कागदावर ती उतरत नाही.

स्वामीजींना लाभली तशी सोबत विचारवंत नरहर कुरुंदकरांनाही लाभली. पीपल्स कॉलेजात जाण्याआधी ते नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये शाळामास्तर होते. त्यांच्या बुद्धीचे कौतुक सगळेच करतात. पण त्या बुद्धीला रोज घासायला मित्र, ग्रंथ आणि तासन्‌तास चालणाऱ्या गप्पा याच गावाने पुरवल्या. एखादा कुरुंदकर आज एखाद्या पोडावर पहिली-दुसरीला शिकवत असेल, आणि त्याला महिनोन्‌महिने कुणी पुस्तकाबद्दल विचारलेही नसेल.

म्हणून नवीन गुरुजींना एकेकटे पांगवू नये. जवळजवळच्या तीन-चार शाळांवर एकाच वेळी नेमावे आणि मधल्या एका गावात त्यांच्यासाठी साध्या पण सुरक्षित खोल्या बांधाव्यात, बायकांसाठी आधी. तिथे पुस्तकांचे एक कपाट असावे. त्या भागात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या एखाद्या जुन्या गुरुजींना पहिले वर्षभर त्यांच्यात नेमून द्यावे, तपासणीला नव्हे, सोबतीला. कोलामी आणि गोंडी बोलणारी गावातली शिकलेली मुले मानधन देऊन पहिलीच्या वर्गात बसवावीत. खर्च फार नाही. आणि एवढे केल्यावर मग मुख्यालयी राहण्याचा आग्रह शासनाने खुशाल, अगदी कडकपणे धरावा.