नाव नाक्यावर गेलं होतं

भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या गल्लीत यंत्रमागांचा एक कारखाना होता. सोलापूरहून येऊन तिथेच केस पिकलेले एक कारीगर होते. सगळे त्यांना काका म्हणत. एका पगाराच्या दिवशी त्यांनी रात्रपाळीत विणलेल्या कापडाच्या ताक्यात आडवी पट्टी निघाली. हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींनी दंड कापला तो कापलाच, वर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून दाखवलं, "काका हल्ली मागावर झोपा काढतात!" संध्याकाळपर्यंत ते शेजारच्या कारखान्यांत पोहोचलं. "मी झोपलो नव्हतो," एवढंच काका म्हणाले. पण झोपलो नव्हतो, हे माणसाने दाखवायचं तरी कसं?

ते दाखवलं माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने. त्याने काकांचा ताका तपासणीच्या टेबलावर पसरला. फणीचा दात वाकला तर रेघ उभी पडते, लांबच्या लांब. ही आडवी होती. चालता माग थांबून पुन्हा सुरू झाला की बाण्याचे पहिले काही धागे नीट ठोकले जात नाहीत आणि अशी विरळ पट्टी उमटते. माग कारीगराच्या डुलकीने थांबतो, तसा वीज गेल्यानेही थांबतो. त्या रात्रीचे बाकीचे ताके अजून तपासणीला आलेच नव्हते. जॉबरने ते उलगडले. मजुरी मीटरवर मिळते, म्हणून पाळी बदलताना कारीगर कापडाच्या काठावर खडूने खूण करतात. त्या खुणेपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर प्रत्येक ताक्यात तीच पट्टी होती. म्हणजे सगळे माग एकाच वेळी थांबले होते, वीज गेल्याने.

मेहताजींनी मुकाट्याने पैसे काढून काकांसमोर ठेवले. "घ्या, दंड माफ."

काकांनी हात लावला नाही. "माफ गुन्हा करतात, मेहताजी. मी तो केलाच नव्हता. पैसे इथे कापलेत, ते इथे द्या. नाव नाक्यावर गेलं, ते नाक्यावरच परत करा."

काकांची मागणी मोठी होती. कायद्यालाही ती पुरती पेलत नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेला आणि निष्कलंक ठरलेला, या दोघांत पोलिसातल्या नोकरीसाठी आजही फरक केला जातो. तरी 'सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता' ही संज्ञा तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हती, ती न्यायालयांच्या निकालांतून आली, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2012 मध्ये नोंदवलं आहे. ज्याच्यावर चुकीचा आळ आला, त्याला सुटका पुरत नाही. आळ खोटा होता हे ऐकणाऱ्यांनी ऐकावं लागतं.

कारखान्याचे शेठ काकांचं बोलणं ऐकत होते. ते मेहताजींना घेऊन टपरीवर गेले. ऐन गर्दीच्या वेळी मेहताजी म्हणाले, "वीज गेली होती. काकांची चूक नव्हती. मी न बघता बोललो." आवाज आधीइतकाच मोठा होता.

त्या पंधरवड्यापासून त्या कारखान्यात दंड लिहिण्याआधी त्या पाळीचे सगळे ताके सगळ्यांसमोर उलगडले जातात.